हजेरीचा दिवा

वर्लिनने ही हकीगत आजवर दोनच माणसांना सांगितली आहे. एक मार्व्ह आणि दुसरा मी. मार्व्हला तर सांगायची गरजच नव्हती, कारण अर्धी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

यात माझ्या पदरचं काही नाही. तारखासुद्धा वर्लिनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घेतल्या आहेत.

दिवस होता १७ जानेवारी २०१९, गुरुवार. जागा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइट गावापासून गाडीने अर्ध्या तासावर. एका कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांना तेव्हा आमचे तीसेक ट्रेलर उभे होते.

पण त्या गुरुवारच्या आधी दिव्याचं सांगायला हवं.

सगळं त्या दिव्यापासून सुरू झालं...

हिवाळ्यात त्या तळावर येणारे आम्ही बहुतेक जण म्हातारे आणि एकटे. पेन्शन तुटपुंजी, शहरातलं घरभाडं झेपत नाही, म्हणून हा ट्रेलर. गाडीच्या मागे ओढायची चौदा-सोळा फुटांची खोली. वीज आपली आपण उन्हातून काढायची, पाणी गावातून कॅनमध्ये भरून आणायचं. फोनला सिग्नल हवा असेल तर टेकडी चढायची.

कुणाला काही झालं, तर ते दुसऱ्याला कळणार कसं?

म्हणून तळावर एक रीत होती. तिला सगळे 'हजेरी' म्हणायचे.

दिवेलागणीला प्रत्येकाने दाराबाहेरचा दिवा स्वतःच्या हाताने लावायचा आणि झोपताना मालवायचा. दिवा लागला म्हणजे माणूस ठीक आहे. अंधार पडून अर्धा तास झाला आणि एखादा दिवा लागला नाही, तर समोरच्याने जाऊन त्याचं दार वाजवायचं.

हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण या रीतीने त्याआधीच्या पाच वर्षांत दोन जीव वाचवले होते.

वर्लिन सहासष्ट वर्षांचा. ओरेगनमधल्या एका कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन होता. त्याचा हात असा की कचऱ्यातून उजेड काढेल. लोकांनी फेकलेले बागेतले सौरदिवे, ठोकलेल्या गाड्यांचे मागचे लाल दिवे, सगळं गोळा करायचा. त्यातले एलईडी सोडवायचे, पट्टीवर सोल्डर करायचे, मोटरसायकलच्या जुन्या बॅटरीला जोडायचे. झाला दिवा. तळावरच्या निम्म्या ट्रेलरांत त्याचेच दिवे होते.

त्याच्या स्वतःच्या ट्रेलरमध्ये मात्र छताला दोरीने बांधलेला एक टॉर्च लोंबत असे.

"वायरमन, दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे बघायला मिळतो," मार्व्ह म्हणायचा. मार्व्ह जुना ट्रक ड्रायव्हर, वर्लिनपासून दोनशे पावलांवर राहायचा. त्याने वर्लिनला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

ओढ्यापलीकडे, वर्लिनच्या खिडकीच्या बरोबर समोर, ग्लेनिसचा ट्रेलर होता.

ग्लेनिस एकोणऐंशी वर्षांची. नेब्रास्कात तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. रोज सकाळी ती दारात दाणे टाकायची आणि डोक्यावर तुरा असलेले लावे पक्षी धावत यायचे. त्यांच्याशी ती वर्गातल्या मुलांशी बोलावं तशी बोलायची.

तिच्या दिव्याचं बटण ट्रेलरच्या बाहेर होतं, दोन पायऱ्या उतरून छपराखाली. रोज संध्याकाळी भिंतीला धरून ती उतरायची. वर्लिनला ते खिडकीतून दिसायचं आणि त्याचा जीव वर-खाली व्हायचा.

नोव्हेंबरमध्ये एकदा तिच्याकडे कॉफी पिताना त्याने विषय काढला.

"ग्लेनिस, एक दिवस पडशील त्या पायरीवरून."

"पडले तर तू आहेस की उचलायला."

"मी तुला असा दिवा करून देतो की उतरायलाच नको. अंधार पडला की आपोआप लागेल, उजाडलं की आपोआप विझेल. त्या बागेतल्या दिव्यांत एक छोटा डोळा असतो, त्याला उजेड-अंधार कळतो."

ग्लेनिसने कॉफी ढवळायची थांबवली.

"म्हणजे मी असले काय, नसले काय, हा लागणारच?"

"तू कुठे जाणार आहेस या वयात?"

"जायचं ते याच वयात असतं, पोरा."

वर्लिन हसला. मी तिथेच होतो, मीही हसलो. तीही हसली.

पण नंतर ती म्हणाली, "मला नको ते. हाताने दिवा लावला की कसं, कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटतं, की बाबा, मी आहे."

वर्लिनने ऐकलं नाही. डिसेंबरात थंडी वाढली, तिचा गुडघा सुजला, तसा तो दिवा तयार करूनच तिच्या दारात उभा राहिला. वर पीचच्या फोडींचा रिकामा डबा, आत तीन पिवळे एलईडी. मग तीही विरघळली. खिळा-हातोडी मागून घेतली आणि डब्याला भोकं पाडून तिने त्यावर एक लावा काढला. उजेड पडला की भोकांतून पक्षी दिसावा, म्हणून.

पक्षी जरा वाकडाच झाला.

मार्व्हने मान तिरकी करून पाहिलं. "हा लावा होय? याला तर मी परवा बटाट्यांबरोबर खाल्लं."

"कोंबडी तर कोंबडी," ग्लेनिस म्हणाली. "तुझ्या तोंडापेक्षा सरळ आहे."

त्या संध्याकाळी सगळे ओढ्याच्या काठावर उभे होते. सूर्य डोंगराआड गेला, आकाश राखाडी झालं... आणि दिवा आपोआप लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाताळपर्यंत वर्लिनने तसे आणखी सहा दिवे केले. त्या सहांतला एक माझा होता.

आता हजेरी कोण घेतंय, असं कुणीच विचारलं नाही. वर्लिनने नाही, मीही नाही. ग्लेनिसने एकदा विचारलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो.

रविवारी, १३ जानेवारीला, वारा सुटला.

वाळवंटातला हिवाळी वारा म्हणजे चार-चार दिवस थांबत नाही. वाळू दाराच्या फटीतून आत येते. छपरं फडफडतात, दांडे आपटतात. कुणी बाहेर पडत नाही. खायला डब्यातले राजमे आणि अंगावर असतील तेवढी पांघरुणं.

सोमवारी दिवेलागणीला वर्लिनने पडदा सारून समोर पाहिलं.

ग्लेनिसचा दिवा लागला होता.

"आहे," तो म्हणाला आणि पडदा ओढला.

मंगळवारी पाहिलं. दिवा होता.

बुधवारी पाहिलं. दिवा होता.

गुरुवारी पहाटे वारा पडला. इतकी शांतता झाली की त्या शांततेनेच वर्लिनला जाग आली. त्याने कॉफी ठेवली आणि खिडकीतून पाहिलं.

ग्लेनिसच्या दारासमोर लावे बसले होते. वीस-पंचवीस तरी असतील.

एरवी दाण्यांवरून भांडणारे ते पक्षी एका ओळीत बसले होते. दाराकडे तोंड करून...

एकही ओरडत नव्हता.

वर्लिन कॉफी तशीच टाकून निघाला. ओढा उतरला, चढला. तिची घडीची खुर्ची वाऱ्याने उलटी पडली होती आणि तिच्यावर वाळू साचली होती.

"ग्लेनिस?"



त्याने दार ढकललं. दार थोडं उघडलं आणि कशाला तरी अडलं.

ती दाराशीच पडली होती. डोकं दाराकडे, एक हात पुढे. हातात जेवणाचा चमचा होता.

नंतर सरकारी डॉक्टर आला, त्याने बघून सांगितलं. सोमवारी केव्हा तरी पडली असावी. खुब्याचं हाड मोडलं होतं. लगेच गेली नाही. बुधवारी सकाळी गेली असावी.

म्हणजे सोमवारी आणि मंगळवारी, दोन संध्याकाळी, ती जिवंत होती.

दाराच्या आतल्या पत्र्यावर, खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चमच्याचे पोचे पडले होते. तीन पोचे, मग जरा जागा, मग पुन्हा तीन. असे किती तरी.

वाळवंटात तीन ठोके म्हणजे मदत हवी. तळावर ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

सामान आवरताना वर्लिन तिथे खाली बसला, ती पडली होती तिथेच. त्याने वर पाहिलं. समोर खिडकी होती. दिवा त्या खिडकीच्या बाहेरच टांगलेला होता. अंधार पडला की तो डोळ्यांसमोर पडद्यावर उमटत असणार. ठिपक्याठिपक्यांची वाकडी कोंबडी.

तिला ती दिसत असणार. दिवा लागलाय, म्हणजे आज कुणी येणार नाही, हेही कळत असणार.

वर्लिन बाहेर येऊन खूप वेळ पायरीवर बसून राहिला. तो रडला, असं मार्व्ह सांगतो.

तिच्या मुलीला कळवायला तोच टेकडीवर गेला. रोवीना तिचं नाव. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तुम्ही समोरच राहता ना? रोज बघत होता ना तिला?"

"दिवा बघत होतो," वर्लिन म्हणाला.

 पलीकडून फोन बंद झाला.

एक गोष्ट त्याने रोवीनाला सांगितली नाही, मार्व्हलाही नाही. ती त्याने मला सांगितली, पुष्कळ नंतर.

मंगळवारी संध्याकाळी वाऱ्यातून त्याला आवाज आला होता.

टक्... टक्... टक्.

छपराचा दांडा आपटतोय, असं त्याने ठरवलं. पांघरूण वर ओढलं आणि कूस बदलली.

त्याने आपोआप लागणारे सहाही दिवे परत घेतले आणि सगळ्यांना बटणं बसवून दिली. हजेरी पुन्हा हाताने सुरू झाली. ग्लेनिसच्या दिव्याच्या वायरी त्याने कापल्या, बॅटरी काढून टाकली. डबा एका प्लास्टिकच्या पेटीत घातला, वरून चिकटपट्टी मारली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. फेकवला नाही त्याच्याने.

पाच फेब्रुवारीला रोवीनाने पाठवलेला माणूस ट्रेलर ओढून घेऊन गेला. ओढ्यापलीकडे नुसता एक फिकट चौकोन उरला.

बारा फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. मार्व्ह वर्लिनच्या दारात आला.

"वायरमन, ग्लेनिसच्या जागेवर कोण आलंय रे?"

"कुणी नाही."

"मग दिवा कुणाचा?"

वर्लिन बाहेर आला.

ओढ्यापलीकडे पिवळा दिवा होता. एकटाच. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, बरोबर तिच्या दिव्याच्या जागी.

"नवीन माणूस असेल," मार्व्ह म्हणाला. "चल, शेजारधर्म म्हणून विचारून येऊ. निदान कॉफी तरी मिळेल."

दोघं ओढ्यात उतरले. तळाशी गेल्यावर काठ उंच होतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. दहा-पंधरा पावलं. मग ते वर चढले.

दिवा नव्हता.

ट्रेलर नव्हता, गाडी नव्हती, चाकांचा नवा माग नव्हता. फक्त तो फिकट चौकोन... आणि चौकोनासमोर एका ओळीत बसलेले लावे.

अंधार पडताना लावे कधीच झुडपांत शिरलेले असतात. हे उघड्यावर बसले होते. जिथे दार होतं, तिकडे तोंड करून.

 

आणि तेव्हाच आवाज आला. मागून, ओढ्याच्या त्यांच्या काठावरून.

टक्... टक्... टक्.

"तुझ्या ट्रेलरमध्ये कोण आहे?" मार्व्हने हळूच विचारलं.

कुणी नव्हतं. दार उघडंच होतं, टॉर्च छताला लोंबत होता. वर्लिन गुडघ्यांवर बसला आणि त्याने पलंगाखाली पाहिलं. पेटी होती. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"उंदीर असेल," मार्व्ह म्हणाला.

"असेल," वर्लिन म्हणाला.

त्यानंतर त्याला घरातला अंधार सोसवेना. आपल्याही छताला चांगली एलईडीची पट्टी लावायची, असं त्याने ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना दिवे लावून दिले, आता एक स्वतःला.

चार मार्च, सोमवार. दुपारी तो बाकावर चढून छताला पट्टी चिकटवत होता. बाकाची फळी जुनी. ती सरकली.

पडताना त्याचा पाय फळीत अडकला आणि मांडीतून कडकन आवाज आला. शुद्ध आली तेव्हा तो दोन बाकांमधल्या बोळात पाठीवर पडला होता. दार पाच फुटांवर होतं. हलायला गेला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. फोन बाहेर गाडीत होता आणि हातात असता तरी तिथे त्याचा उपयोग नव्हता.

पण तो घाबरला नाही. हे त्याने मला मुद्दाम सांगितलं.

कारण त्याचा दिवा हाताने लागायचा आणि ग्लेनिस गेल्यापासून त्याच्या हजेरीवर मार्व्हचं लक्ष असायचं. आज तो लागणार नव्हता. अंधार पडेल, अर्धा तास जाईल आणि मार्व्ह दार वाजवेल. आधी शिव्या घालेल, मग उचलेल. नुसता धीर धरायचा होता.

त्याने एका बाटलीपर्यंत हात पोचवला, घोटभर पाणी प्यायला आणि संध्याकाळची वाट बघत पडून राहिला. अंधार पडायची इतकी ओढ त्याला आयुष्यात कधी लागली नव्हती.

ऊन भिंतीवरून सरकलं. मग गेलं.

खोली राखाडी झाली. मग काळी होत आली.

"चल मार्व्ह," तो स्वतःशीच म्हणाला. "ये आता."

आणि खिडकीच्या पडद्यावर एक पिवळा ठिपका उमटला...

मग दुसरा. मग खूप.

चोच. पंख. वाकडे पाय.

 वर्लिनच्या दाराबाहेरचा दिवा पांढऱ्या उजेडाचा होता, त्याला डबा नव्हता, भोकं नव्हती. तिचा डबा तर त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर, पलंगाखाली, पेटीत होता. पेटी त्याला दिसत होती.

तो ओरडला. घसा फुटेस्तोवर ओरडला. हाताशी पाना होता, त्याने पत्र्यावर तीन ठोके मारले. थांबला. पुन्हा तीन.

त्या संध्याकाळी वारा नव्हता. मार्व्हच्या रेडिओवरचं गाणं त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने वाळूवर पावलं वाजली. मार्व्हचीच. बरोबर कुणी तरी होतं. पावलं ट्रेलरपासून वीसेक हातांवर थांबली.

"दिवा लागलाय," मार्व्ह म्हणाला. "ठीक आहे तो. चल."

वर्लिन पाना आपटत होता. पत्र्याला पोचे पडत होते. पावलं लांब गेली.

तो दिवा रात्रभर विझला नाही. उजाडलं तेव्हा आपोआप विझला.

मंगळवार गेला. पाणी संपत आलं. मंगळवारी दिवेलागणीला ठिपके पुन्हा उमटले. तीच कोंबडी, त्याच जागी.

आता वर्लिन ओरडला नाही. तो तिच्याशी बोलला.

"ग्लेनिस, मी ऐकलं होतं."

बाहेर काही हललं नाही.

"त्या मंगळवारी. तीन ठोके. मला ऐकू आले होते. थंडी होती गं. दिवा दिसत होता. मी म्हटलं, दांडा असेल. दांडा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं बहुतेक."

पडद्यावरचे ठिपके तसेच राहिले. पण दाराच्या बाहेरून, खालून, वीतभर उंचीवरून, अगदी सावकाश आवाज आला.

टक्... टक्... टक्.

मग रात्रभर काही नाही.

बुधवारी संध्याकाळी खोली राखाडी झाली, काळी झाली. वर्लिन पडद्याकडे बघत होता. त्याच्यात मान हलवायचीही ताकद उरली नव्हती.

पडदा काळाच राहिला.

एक ठिपकाही उमटला नाही.

अर्ध्या तासाने दार दणादण वाजलं. "वायरमन! दिवा का नाही लावलास? मेलास की काय?"

पुढे दवाखाना, मांडीत सळई, सहा आठवडे अंथरुणात. मार्व्ह भेटायला आला तेव्हा वर्लिनने त्याला विचारलं, सोमवारी आणि मंगळवारी तू का नाही आलास?

मार्व्ह बुचकळ्यात पडला. "दिवा होता ना. पिवळा. तिची ती कोंबडी. मी म्हटलं, आठवण म्हणून लावली असशील. म्हणून थट्टाही केली नाही."

 तेव्हा वर्लिनने त्याला पलंगाखालच्या पेटीबद्दल सांगितलं.

मार्व्हने परत येऊन पाहिलं. चिकटपट्टी तशीच होती, त्यावर महिन्याची धूळ होती. त्याने पेटी उघडली नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला कंबरभर खड्डा केला आणि ती पुरली. दगड लोटायला मी मदत केली होती. तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं.

दोन संध्याकाळी ती पडून होती. दोन संध्याकाळी तिने त्याला पाडून ठेवलं. फिटंफाट झाली असावी, असं आम्ही धरून चाललो. वर्लिनलाही तसंच वाटत होतं.

तो पुन्हा त्या तळावर आला नाही. दुसरा एक लहान ट्रेलर घेऊन न्यू मेक्सिकोत एका तळावर राहतो. काठी घेऊन चालतो. त्याच्या दाराबाहेर दिवा नाही. खुंटी नाही, वायर नाही, काहीच नाही. शेजारच्या मेव्हिस नावाच्या बाईशी त्याने ठरवून घेतलंय. रोज दिवेलागणीला तिने येऊन दार वाजवायचं, त्याने आतून तोंडाने 'आहे' म्हणायचं. गेली कित्येक वर्षं हे एकही संध्याकाळ न चुकता चालू होतं.

मागच्या गुरुवारी ती आली नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "अरे, दिवा दिसला की तुझा. म्हटलं, आता एवढा छान दिवा बसवलाय, तर मी कशाला गुडघे झिजवू? कोंबडी आहे ना ती?"

हे त्याने मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. आवाज साधा होता, भाजीपाल्याबद्दल बोलावं तसा. तो म्हणाला, मी मेव्हिसला बजावलंय, दिवा दिसला तरी येत जा. ती हो म्हणाली आहे, पण हसत हसत म्हणाली.

हसणं मला ओळखीचं आहे. आम्हीही तसेच हसलो होतो.

रविवारपासून वर्लिन फोन उचलत नाही.

आज मंगळवार. दुपारी मी टेकडीवर चढून मेव्हिसचा नंबर लावला. वर्लिन दिसला का, म्हणून विचारलं.

"दिसला नाही दोन दिवस," ती म्हणाली. "पण ठीकच असणार. दिवा लागतोय ना रोज."

मी तिला म्हटलं, हातातलं काम टाक आणि आत्ता जाऊन दार वाजव. आणि पत्र्याला कान लाव.

ती जाते म्हणाली. आता ऊन उतरलंय आणि मी अजून टेकडीवरच बसलोय. तिचा फोन आलेला नाही.